ढवळ्या, पवळ्या आणि केनेल क्लब

मनुष्यप्राण्याने आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या कुलशीलाची उघड चौकशी करणे लोकलज्जेस्तव जेव्हा थोडेफार कमी केले, तेव्हा उरलेली सारी हौस त्याने कुत्र्यांवर भागवून घेतली, असे माझे प्रामाणिक मत आहे. वर्ण, नाक, डोळे, दात, चाल आणि मातुलघराण्याच्या चार पिढ्यांचा दाखला या गोष्टी आजकालच्या सुशिक्षित घरांत मुलगी पाहण्याच्या प्रसंगी विचारणे असभ्यपणाचे समजले जाते; परंतु त्याच घरातील गृहस्थ ओंजळीत मावेल एवढे पिल्लू विकत घ्यावयास निघाले, की हे सर्व प्रश्न ते निःसंकोचपणे विचारतात, आणि त्यांनी ते न विचारल्यास विकणाराच त्यांना अडाणी समजतो. आपल्याकडे म्हण आहे, की ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. बैलांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या अनुभवास आलेले हे तत्त्व श्वानशास्त्रात नेमके उलटे होऊन बसले आहे. तेथे गुणाची फारशी कोणी वास्तपुस्त करीत नाही, वाण मात्र सात पिढ्या तसाच उतरत राहावा एवढ्यासाठी जगभर कचेऱ्या उघडून कारकून नेमलेले आहेत.

लंडन शहरी १८७३ साली सेवॅलिस एव्हलिन शर्ली या पार्लमेंटच्या सभासदाच्या पुढाकाराने केनेल क्लब नामक संस्था स्थापन झाली आणि तेव्हापासून कुत्र्याच्या मागे दप्तर लागले. त्यापूर्वी कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होत असे: बिळात शिरणारा, मेंढ्या वळणारा, पाखरे उठवून देणारा आणि राजस्त्रियांच्या मांडीवर बसून काहीही न करणारा. या चौथ्या वर्गाविषयीच मला येथे लिहावयाचे आहे, कारण आकाराने सर्वांत लहान आणि वशिल्याने सर्वांत मोठा असा हाच वर्ग होता, आणि ज्याला काम नाही त्याची परीक्षा रूपावरूनच करावी लागत असल्यामुळे रंगाचे कायदेही याच वर्गाच्या वाट्याला अधिक आले. प्रत्येक जातीचे एक लक्षणपत्रक असते, ज्याला त्या क्षेत्रातील मंडळी नुसते ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यात कान कोठून निघावा, शेपटीने पाठीवर कसे विराजमान व्हावे, वरचे दात खालच्या दातांवर किती यावेत, आणि अंगावर कोणता रंग कोठून कोठपर्यंत असावा, याचे वर्णन एखाद्या निष्णात वकिलाने मृत्युपत्र लिहावे तसे पळवाट न ठेवता केलेले असते.

ही पत्रके सवडीने वाचावयास बसले म्हणजे मोठी करमणूक होते. चिवावा या मूळच्या मेक्सिकोतील चिमुकल्या कुत्र्याच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय श्वानसंघ उदारपणे सांगतो, की सर्व रंग, सर्व छटा आणि त्यांची सर्व मिश्रणे मान्य आहेत, फक्त मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद शिंतोड्यांचा, तेवढा नको. अमेरिकेचा क्लब मर्लला हरकत घेत नाही, पण सहा पौंडांपलीकडे गेलेला चिवावा तेथे बाद. पेकिंगीजला बहुतेक सर्व रंग माफ आहेत, अल्बिनो आणि लिव्हर म्हणजे गडद तपकिरी रंग हे दोनच वर्ज्य. पूडल अमेरिकेच्या रिंगणात एकरंगी असला पाहिजे. अंगावर दोन रंग दिसले, की पंच त्याला नम्रपणे दरवाजा दाखवितात. इंग्लंडात नॉरिच टेरियर नावाचे एक ठेंगणे, खरबरीत केसांचे आणि स्वभावाने अत्यंत उद्योगी कुत्रे होते. त्या घराण्यात काहींचे कान उभे आणि काहींचे पडके निघत. १९६४ साली तेथील केनेल क्लबाने या घराण्याची रीतसर वाटणी करून दिली, तेव्हा उभ्या कानांच्या शाखेकडे नॉरिच हे नाव राहिले आणि पडक्या कानांच्या शाखेला नॉर्फक हे नवे नाव मिळाले. विहिरीवरून, आंब्याच्या झाडावरून आणि देव्हाऱ्यातील टाकांवरून झालेल्या वाटण्या आमच्या कोकणात पुष्कळ पाहावयास मिळतात. कानांवरून झालेली वाटणी माझ्या ऐकिवात ही एकच.

परंतु रंगाच्या पायी जेवढे राजकारण किंग चार्ल्स स्पॅनियल या कुत्र्याच्या नशिबी आले तेवढे दुसऱ्या कोणाच्याही आले नसेल. दुसऱ्या चार्ल्स राजाचे नाव लाभलेल्या या लांब कानांच्या कुत्र्यांत चार वाण होते: काळा-तांबूस, काळा-पांढरा-तांबूस असा तिरंगी, सर्वांगी तांबडा आणि पांढऱ्यावर तांबडे डाग असलेला. एकाच आईच्या पोटी यांतले दोन-तीन वाण सहज निघावेत; तथापि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गृहस्थांना चातुर्वर्ण्याचा मोह आवरला नाही, आणि त्यांनी किंग चार्ल्स, प्रिन्स चार्ल्स, रूबी आणि ब्लेनहाइम अशी चार स्वतंत्र नावे देऊन प्रदर्शनात चौघांच्या चार पंगती मांडल्या. पुढे १९०३ साली केनेल क्लबाला उपरती होऊन त्याने या चारही वर्णांचे एकीकरण करण्याचे आणि त्या सर्वांना ‘टॉय स्पॅनियल’ हे निर्गुण निराकार नाव देण्याचे मनात आणले. तेव्हा खुद्द सातव्या एडवर्ड बादशहाने लक्ष घालून किंग चार्ल्स हेच नाव कायम राहावे अशी इच्छा प्रदर्शित केली. अर्ध्या जगाच्या कारभाराचे कागद ज्याच्या मेजावर पडलेले असत त्या सार्वभौम राजाने कुत्र्याच्या नावाच्या प्रकरणात हात घालावा, यावरून त्या प्रकरणाचे महत्त्व, किंवा बाकीच्या कागदांचे महत्त्व, वाचकांनी आपापल्या बुद्धीप्रमाणे ठरवावे.

या चौघांपैकी ब्लेनहाइमच्या माथ्यावर दोन्ही कानांच्या मधोमध एक तांबडा ठिपका असतो, आणि त्याची हकीकत अशी सांगतात, की १७०४ साली मार्लबरोचा ड्यूक ब्लेनहाइमच्या रणात गुंतलेला असता त्याची पत्नी सारा चिंतेने व्याकूळ होऊन मांडीवरील गाभण कुत्रीच्या माथ्यावर अंगठा दाबीत बसली. पुढे विजयाची वार्ता आली, कुत्री व्याली आणि पाहतात तो पिल्लांच्या माथ्यावर त्या अंगठ्याचा ठसा उमटलेला. ग्रहणात गरोदर बाईने विळी हाती धरली तर मुलाचा ओठ फाटतो असे निक्षून सांगणाऱ्या आमच्या आज्यांना इंग्रजी शिकलेली नातवंडे हसली; त्या आज्यांचे दुर्दैव एवढेच, की त्या ड्यूकच्या वाड्यात नांदल्या नाहीत. डचेसबाईंचा अंगठा हा आख्यायिकेचा विषय खरा, पण तो ठिपका मात्र छापील लक्षणपत्रकात जाऊन बसला आहे, आणि तो सुमारे एका पेनीएवढा असावा असेही तेथे नमूद आहे.

आता हे स्टँडर्ड तयार कसे होते, याचीही एक नमुनेदार हकीकत याच घराण्यात घडली. प्रदर्शनाच्या पंचांना चपटे नाक आवडू लागल्यामुळे या स्पॅनियलचे नाक पिढ्यान्‌पिढ्या आखडत जाऊन अखेर चेहऱ्यातच बुडाले होते. रॉझवेल एल्ड्रिज नावाचे एक श्रीमंत अमेरिकन गृहस्थ जुन्या चित्रांतील लांब नाकाचे कुत्रे पाहावयास म्हणून इंग्लंडात आले, आणि ते कोठेच न आढळल्यामुळे संतापून त्यांनी १९२६ सालच्या क्रफ्ट्स प्रदर्शनाच्या पुस्तिकेत जाहीर केले, की जुन्या चालीचे नाक असलेला उत्तम कुत्रा आणि उत्तम कुत्री यांना प्रत्येकी पंचवीस पौंडांचे बक्षीस देण्यात येईल. बक्षिसाच्या आशेने नाके पुन्हा वाढू लागली. १९२८ साली अ‍ॅन्स सन नावाच्या कुत्र्याने ते बक्षीस पटकाविले, पण एल्ड्रिज साहेब ते पाहावयास हयात नव्हते. त्याच साली कॅव्हलियर या नावाने नवे मंडळ स्थापन झाले. सभासदांनी अ‍ॅन्स सनला टेबलावर उभे केले, जुन्या चित्रांच्या प्रती भोवती मांडल्या आणि त्याच्याकडे पाहून लक्षणपत्रक लिहून काढले. एका दिवशी, एका टेबलावर, एक कुत्रे जसे दिसले तसे निसर्गाने यापुढे यावच्चंद्रदिवाकरौ दिसत राहावे, असा हा ठराव होता. अ‍ॅन्स सनने त्या दिवशी टेबलावर बसून कान खाजविला असता, तर तेवढा वेळ लेखणी थांबवावी लागली असती. बाकी त्याचे मत कोणी घेतल्याची नोंद नाही.

रंगाला आणि आकाराला राजाश्रय मिळाला म्हणजे काय होते, हे व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात पाहावे. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळील बादशाही उन्हाळी प्रासाद लुटला, त्या लुटीत पेकिंगीज जातीची पाच कुत्री सापडली, आणि त्यांपैकी एक राणीला नजर करण्यात आले. राणीच्या घरी त्याचे नाव ‘लूटी’ ठेवण्यात आले. फौजदारी गुन्ह्याचा इतका संक्षिप्त आणि इतका लाडका कबुलीजबाब दुसऱ्या कोणत्याही राजघराण्याच्या दप्तरात मिळणार नाही. पुढे १८८८ साली फ्लॉरेन्सला गेली असता राणीने मार्को नावाचा एक लहानखुरा, तांबूस पॉमेरेनियन विकत घेतला. तोपर्यंत ही जात चांगली अंगापिंडाने भरलेली असे, पण राणीच्या मांडीला जे झेपते तेच प्रजेच्या मांडीला शोभते असा न्याय झाला, आणि थोड्याच वर्षांत सारे पॉमेरेनियन लहान होऊ लागले.

त्या पॉमेरेनियनच्या नावावर आपल्या महाराष्ट्रात एका निराळ्याच कुत्र्याने पन्नास वर्षे वतन उपभोगले. दादरच्या चाळीत, सदाशिव पेठेतील वाड्यात आणि नागपूरच्या बंगल्यात ज्याला ‘पामेरियन’ म्हणत, ते पांढरे, टोकदार नाकाचे, टपालवाल्याला जन्मवैरी समजणारे कुत्रे बहुधा इंडियन स्पिट्झ असे, आणि ‘हम आपके हैं कौन’ या १९९४ सालच्या चित्रपटात क्रिकेटचा पंच होऊन निर्णय देणारा टफी हाही त्याच घराण्यातला. खरा पॉमेरेनियन विलायतेत नारिंगी, काळा, तपकिरी अशा अनेक रंगांत मिळतो हे कळल्यावर आमचे लोक चकित झाले, कारण पांढरे नाही ते पामेरियन नव्हे अशी आमची पक्की समजूत होती. व्यापाऱ्यांनी मात्र या गोंधळात उत्तम कारभार केला: साध्याला ‘पॉम’, त्याहून लहानाला ‘मिनी पॉम’, त्याहून लहानाला ‘टॉय पॉम’ आणि सर्वांहून महागाला ‘कल्चर पॉम’ अशा पायऱ्या त्यांनी बांधल्या. ही शेवटची संज्ञा जगातील कोणत्याही स्टँडर्डमध्ये नाही. पण मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरावयाचे तर कुत्र्यालाही संस्कृती हवी, हे ज्याने ओळखले तो व्यापारी लहानसहान माणूस नव्हे.

या बाजाराची परिभाषा कानावर पडावी म्हणून मी अधूनमधून मुद्दाम श्वानप्रेमी मंडळींत जाऊन बसतो. पिल्लू ‘पेपरवालं’ की ‘विदाउट पेपर’, ‘शो क्वालिटी’ की ‘पेट क्वालिटी’, पग असेल तर ‘पंच फेस’ आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तेथे चहासुद्धा येत नाही. पेपर म्हणजे चेन्नईस मुख्य कचेरी असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला. त्यात आई, बाप, आजे, पणजे यांची नावे अशा थाटाची असतात, की वाचताना युरोपातील मांडलिक संस्थानिकांची यादी वाचीत असल्याचा भास व्हावा, आणि त्यांचा वारस समोर चपला कुरतडीत असतो. या कागदाचा एवढा दरारा पाहून मला सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्याची आठवण येते. शिकारीत वाघापासून त्याने धन्याचा जीव वाचविला म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान आणि जहागीर दिली असे सांगतात, आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस त्याची समाधी आजही आहे. खंड्याची आई कोण आणि त्याच्या कानांची ठेवण कशी, हे विचारण्याचे धाडस पेशव्यांच्या फडातील एकाही कारकुनाला झाले नाही.

आमच्या सोसायटीतील एका तरुणाने अलीकडे एक चिवावा आणला आहे. राखी अंगावर काळे शिंतोडे, एक डोळा काळा आणि एक निळसर घारा, असे ते ध्यान जिन्यात प्रथम दिसले तेव्हा त्या मुलाच्या आजीबाई हातातली परडी खाली ठेवून म्हणाल्या, “अगं बाई, ह्याच्यावर शाई कुणी सांडली?” नातू दुखावला. मला बाजूला घेऊन त्याने समजावले, “काका, आजीला सांगून उपयोग नाही. हा मर्ल आहे. रेअर कलर. साध्याच्या दुप्पट पडला.” या रंगाला आंतरराष्ट्रीय पत्रकात नेमकी बंदी आहे हे मला ठाऊक होते, परंतु दुप्पट पैसे मोजलेल्या माणसाला काही सांगण्याची वेळ ते पैसे मोजण्यापूर्वीची असते, म्हणून मी त्या पिल्लाच्या पाठीवरून हात फिरविला आणि ते घाऱ्या डोळ्याने माझ्याकडे व काळ्या डोळ्याने आजीबाईंच्या परडीतील दूर्वांकडे पाहू लागले.

मला या साऱ्या प्रकरणात गंमत वाटते ती येथेच. रिंगणातील पंच ज्याला दोष म्हणतो, त्यालाच बाजारातला विक्रेता दुर्मीळ म्हणतो. आणि पंचाने दोष ठरवून पैदाशीतून दूर ठेवल्यामुळेच तो दुर्मीळ होतो, सबब पंच हा विक्रेत्याचा बिनपगारी अडत्या ठरतो. फ्रेंच बुलडॉगचे उदाहरण घ्या. नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर पोटासाठी फ्रान्सला गेले तेव्हा त्यांनी आपली लहान बुलडॉग बरोबर नेली, तेथून ती पॅरिसच्या शौकिनांकडे आणि तेथून अमेरिकन धनिकांकडे गेली. अमेरिकनांना त्याचे वटवाघळासारखे उभे कान हवे होते, युरोपातील पंचांना गुलाबाच्या पाकळीसारखे दुमडलेले. या वादातून अमेरिकेतील मंडळींनी आपला वेगळा क्लब काढून १८९८ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात स्वतःचे प्रदर्शन भरविले. कानांचा निकाल असा लागल्यावर रंगाकडे लक्ष वळले. उंदरी, राखी-निळा, चॉकलेटी हे रंग लंडनच्या पत्रकात अत्यंत अनिष्ट म्हणून नोंदले गेले. आणि २०२२ साली हाच कुत्रा एकतीस वर्षे अग्रस्थानी असलेल्या लॅब्रेडॉरला मागे सारून अमेरिकेच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा बाजारात सर्वांत चढ्या भावाने विकले जात होते ते हेच अनिष्ट रंग. लंडनच्या वहीत अशा पिल्लांसाठी ‘रंग मान्य नाही’ असा शेरा मारून नोंद करण्याची सोय आहे. ज्या शेऱ्याने लाज वाटावी, तोच जाहिरातीत मथळा होतो.

वास्तविक यात निसर्गाचे कौशल्य बेताचेच आहे. कुत्र्याच्या अंगावर दिसणारे सारे रंग दोनच रंगद्रव्यांतून होतात: काळे यूमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. ही द्रव्ये कोठे पसरू द्यावयाची, कोठे अडवावयाची आणि किती पातळ करावयाची, एवढाच जनुकांचा कारभार, आणि क्लॅरेन्स कुक लिट्ल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ साली त्याच्यावर अख्खा ग्रंथ लिहून ठेवला आहे. आई काळीभोर, बाप काळाभोर, परंतु दोघांच्याही पेटीत तळाशी फिकेपणाचा एकेक दस्त दडलेला असला, की सरासरीने चारांत एक पिल्लू राखी निपजते. माणसांत असे झाले तर शेजारणी काय बोलतात ते सर्वश्रुत आहे. कुत्र्यांत आता गालाच्या आतून बोळा फिरवून प्रयोगशाळेत पाठविला, की आईची अब्रू शाबूत राहते. मात्र हा राखी रंग कित्येकदा केसांच्या मुळावर येतो: रंगाचे कण केसांत गोळा होऊन केस तुटतात, आणि महागाच्या रंगाचे मालक पुढे रंगच विरळ होत असल्याची तक्रार घेऊन पशुवैद्याकडे जातात. मर्लचे प्रकरण याहून वाईट आहे. एक मर्ल आणि एक साधा असा जोडा ठीक; परंतु दोन मर्ल एकत्र आणले तर दोन्हीकडून ते जनुक आलेली पिल्ले पांढुरकी, आणि पुष्कळदा बहिरी किंवा आंधळी, निपजतात. चिवावाच्या पत्रकातील बंदीला मी हसलो खरा. पण त्या सबंध कागदात पिल्लाच्या उपयोगी पडणारे कलम शोधावयाचे झाले, तर ते हेच निघेल. बाकीची कलमे टेबलाभोवती बसलेल्या सभासदांच्या डोळ्यांसाठी आहेत.

नामंजूर झालेल्या रंगाने धीर न सोडता वरिष्ठ कोर्टापर्यंत जाऊन दावा जिंकल्याचे उदाहरण शोधू जाता जर्मनीत सापडते. यॉर्कशायर टेरियर हे पोलादी-निळ्या पाठीचे आणि तांबूस तोंडाचे, रेशमी केसांचे कुत्रे. हडर्सफील्ड बेन नावाच्या, १८७१ साली वारलेल्या एका कुत्र्याला त्याचा मूळपुरुष मानतात. जर्मनीतील बीवर नावाच्या दांपत्याकडे २० जानेवारी १९८४ रोजी या शुद्ध घराण्यात एक पिल्लू जन्मले, त्याच्या अंगावर भलतेच पांढरे पट्टे होते. दुसऱ्या कोणी ते गुपचूप कोणाला तरी देऊन टाकले असते. बीवर दांपत्याने त्याचे नाव श्नेफ्लॉकन ठेवले, म्हणजे आपल्याकडे हिमानी किंवा तुषार ठेवतात तसे, आणि तसल्याच पांढऱ्या पट्ट्यांची आणखी पिल्ले व्हावीत म्हणून खटपट आरंभली. हळूहळू भक्तमंडळी जमली. मग क्लब झाले, मग क्लबांत दोन तट पडले, कारण नव्या नावात यॉर्कशायर हा शब्द ठेवावयाचा की नाही यावर एकमत होईना. आणि अर्थात स्टँडर्डही झाले, ज्यात पांढरा रंग कोठे असलाच पाहिजे हे लिहिले आहे. पुढे अमेरिकेत या कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात यॉर्कशायरखेरीज माल्टीज, शि त्झू इत्यादी परघराण्यांचे रक्त निघाले. अशा वेळी एखाद्या कुळात सुतकासारखी शांतता पसरली असती. येथे पेढे वाटण्यात आले. कारण इतके रक्त मिसळलेले आहे त्या अर्थी हा यॉर्कशायर नव्हेच, ही निराळी जात आहे असा त्यावरून निष्कर्ष निघाला, आणि २०२१ साली अमेरिकन केनेल क्लबाने बीवर टेरियर या नावाने तिला शुद्ध जात म्हणून दप्तरी दाखल करून घेतले.